भुजंगरावांची स्पॅनिश कवायत

रात्रभर भुरभुर पडून गेली होती आणि उजाडलं तरी आभाळ काही उघडलं नव्हतं. चामुंडीचा डोंगर कमरेपर्यंत ढगात बुडालेला. लष्कर मोहल्ल्यातल्या आपल्या घराच्या मागल्या पडवीत भुजंगराव न्हाणीच्या चुलीपुढं उकिडवे बसून फुंकत होते. हंड्याखाली घातलेल्या करवंट्या दमट होत्या. धूर तेवढा निघे, जाळाचा पत्ता नाही. एक फुंकर मारायची, डोळे पुसायचे आणि पुटपुटायचं.

"कोमी. कोमिस्ते. कोमियो."

फुंकर.

"कोमिमोस. कोमियेरोन."

स्वयंपाकघरातून सुमित्राबाईंचा आवाज आला, "त्या चुलीला कन्नड कळतं, मराठी कळतं. तुमचं ते तिसरं काय कळायचं नाही तिला. कापूर टाका जरा."

"पूजेचा कापूर न्हाणीत टाकू?"

"मग बसा धूर खात. त्या मेल्याच्या पंगतीला डोळे लाल करून बसा, म्हणजे तो म्हणतो तेच खरं दिसेल सगळ्यांना."

भुजंगराव उठले आणि कापराची वडी आणून करवंट्यांत टाकली. भक्कन जाळ झाला.

त्या दिवशी आयुधपूजा होती. म्हैसुरात त्या दिवशी ज्याचं जे हत्यार असेल ते पुजलं जातं. न्हाव्याचा वस्तरा, रिक्षावाल्याची रिक्षा, कचेरीतला टाइपरायटर आणि आता संगणकसुद्धा. भुजंगरावांच्या घरी पुजली जायची ती तलवार. पणजे येसाजीराव म्हैसूरच्या सिलेदार घोडदळात होते. सिलेदार म्हणजे घोडा स्वतःचा, खोगीर स्वतःचं, तलवार स्वतःची, आणि चाकरी महाराजांची. घोडा गेला, खोगीर वाळवीनं खाल्लं, तलवार राहिली. आणि भुजंगरावांकडं राहिला तो पणज्यासारखा ताठ कणा, दोन्ही बाजूंना वळवलेली पांढरी मिशी आणि जरीचा म्हैसुरी पेटा.

साठी ओलांडलेल्या या माणसानं उभं आयुष्य राजवाडा दाखवण्यात घालवलेलं. इंग्रजीत दाखवायचे, हिंदीत दाखवायचे, कन्नडमध्ये तर दाखवायचेच. मराठी पाहुणे आले की विशेष खुलायचे. त्यांच्या मराठीत दर दोन शब्दांआड एक कन्नड शब्द यायचा. कोल्हापूरकडच्या एका बाईनं एकदा कौतुकानं विचारलं, "अय्या, तुम्ही मराठी कुठं शिकलात?" भुजंगराव म्हणाले, "आईच्या पोटात. तिथं दुसरं कोण बोलायला नव्हतं."

राजवाड्याच्या अंगणात ते एका ठरलेल्या सावलीत उभे असायचे. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचे नाहीत. आणि गेली कित्येक वर्षं एक गोष्ट घडत आलेली. स्पॅनिश बोलणाऱ्या पाहुण्यांचा घोळका आला की पुढं त्यांचा गाइड सत्यनारायण असायचा. तो लांबूनच भुजंगरावांकडं हात करून काहीतरी सांगायचा, आणि मग ते सगळे गोरे, सावळे, म्हातारे, तरुण लोक एकेक करून भुजंगरावांसमोर यायचे, टाचा जुळवायचे आणि सलाम ठोकायचे. कडक.

भुजंगराव प्रत्येक सलाम परत करायचे. त्यांच्या घरात पोराला चालायला लागल्यावर पहिली गोष्ट ती शिकवत, की सलाम आला तर तो परत केल्याशिवाय हात खाली आणायचा नाही, समोर शिपाई असो की साहेब. छाती काढून, मिशीखाली हसू दाबून ते सलाम घ्यायचे. घरी येऊन सुमित्राबाईंना सांगायचे, "आज पुन्हा ते स्पेनकडचे आले होते. सत्यानं सांगितलं वाटतं येसाजीरावांचं. पोरगा विसरला नाही बघ."

पोरगा. सत्यनारायण हुणसूरच्या बसमधून एक पिशवी घेऊन उतरला तेव्हा त्याला राजवाड्याचं दार कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नव्हतं. भुजंगरावांनी त्याला सावलीत उभं केलं, कुठं थांबायचं, कुठं गप्प बसायचं, गिऱ्हाईक पायाकडं बघायला लागलं की त्याला कुठं टेकवायचं, सगळं शिकवलं. जेवायला घरी आणलं. सुमित्राबाईंच्या हातचं त्यानं इतकं खाल्लं की त्या त्याला लाडानं हुणसूरचा खड्डा म्हणायच्या. पुढं तो बंगळुरूला जाऊन स्पॅनिश शिकून आला आणि मोठा झाला. मोठा झाला तरी आयुधपूजेला आपला गाइडचा बिल्ला घेऊन भुजंगरावांच्या तलवारीपुढं ठेवायला यायचाच. एका वर्षी आला नाही आणि त्याच आठवड्यात स्कूटरवरून पडून पाय मोडून घेतला. त्यानंतर एकही वर्ष चुकला नाही.

हे सगळं ठीक चाललं होतं, संक्रांतीनंतरच्या त्या दिवसापर्यंत.

आदल्या दिवशी सलाम ठोकून गेलेल्या घोळक्यातली एक मेक्सिकोची बाई दुसऱ्या दिवशी एकटीच आली. तिला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. तिनं भुजंगरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "माझे वडीलसुद्धा शेवटी शेवटी असेच झाले होते. आपण सैन्यात आहोत असं त्यांना वाटायचं. तुम्ही पण किती स्वच्छ राहता, किती छान कपडे घालता. देव तुम्हाला सांभाळो."

भुजंगरावांना आधी उमगेना. त्यांनी विचारलं, बाईनं सांगितलं. गाइडनं सगळ्यांना सांगितलं होतं, हा म्हातारा डोक्यानं गेलेला आहे, स्वतःला महाराजांचा सेनापती समजतो, त्याला सलाम करा म्हणजे बिचारा खूश होतो, आणि तोही कसा सलाम करतो ते बघा. बघण्यासारखं असतं.

बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. ती हसली असती तर बरं झालं असतं. भुजंगरावांनी तिला वाकून नमस्कार केला, पेटा सारखा केला आणि सावलीत परत येऊन उभे राहिले. इतकी वर्षं, इतके लोक, आणि प्रत्येकाला आपण छाती काढून! आपली किती छायाचित्रं कुठल्या कुठल्या देशांत घराघरांत लावलेली असतील, आणि खाली काय लिहिलेलं असेल?

संध्याकाळी सत्यनारायण समोरून आला. तो त्यांना आदरानं रायरे म्हणायचा, म्हणजे आपलं रावसाहेब. "काय रायरे, ऊन फार होतं आज, अल्वा?"

"होतं की," भुजंगराव म्हणाले.

तिथल्या तिथं त्याच्या मुस्कटात मारता आलं असतं. हात शिवशिवलाही. पण मारलं असतं तर गाइड लोकांत भांडण झालं एवढंच झालं असतं. ज्यांच्यासमोर अब्रू गेली त्यांना त्यातलं काय कळणार? ज्या भाषेत गेली त्या भाषेतच ती परत आणायची आणि त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर आणायची, असं त्यांनी घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं.

मागल्या गल्लीत जयतीर्थ मास्तरांची मुलगी तुंगा राहायची. हेब्बाळकडच्या एका कंपनीत ती मेक्सिकोच्या लोकांचे फोन घ्यायची. त्यांची रात्र हिची सकाळ असला सगळा उलटा कारभार. भुजंगराव सकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसले.

"तुंगा, मला स्पॅनिश शिकव."

"मामा! कुणी सांगितलं शिकायला?"

"कुणी नाही. पण सगळं नको. झालेलं सांगायची तेवढी भाषा शिकव. भूतकाळ."

तुंगा हसायला लागली. "सुम्निरी मामा, उगी राहा! तसं नसतं. आधी वर्तमानकाळ शिकवतात. मी खातो, मी जातो. मग मत्ते बाकीचं."

"मी काय खातो ते सांगायला मी सुमित्राबाईकडं जाईन. मला दुसऱ्यानं काय केलं ते सांगायचंय. तू शिकवतेस का पुस्तक आणू?"

त्यांच्या तोंडाकडं बघून तुंगा हसायची थांबली. भुजंगरावांनी तिला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तिनं आत जाऊन दोघांना कॉफी आणली आणि म्हणाली, "मामा, आपण रोज बसू."

पहिल्या दिवशी तिनं समजावलं. स्पॅनिश क्रियापदाला शेपूट असतं. बोलणं म्हणजे आब्लार. त्याचं आर कापायचं आणि माणसाप्रमाणं नवं शेपूट लावायचं. मी बोललो, आब्ले. तू बोललास, आब्लास्ते. तो बोलला, आब्लो. आम्ही बोललो, आब्लामोस. ते बोलले, आब्लारोन, आणि तुम्ही बोललात तरी आब्लारोनच.

"म्हणजे घोडा तोच, स्वार बदलायचा," भुजंगराव म्हणाले.

"हं... हौदु. तसंच म्हणा."

"किती तबेले आहेत?"

"तीन. आर, एर, इर. पण मामा, एर आणि इर दोघांचे स्वार सारखेच. कोमेर म्हणजे खाणं. कोमी, कोमिस्ते, कोमियो. विविर म्हणजे राहणं, जगणं; विवी, विविस्ते, विवियो. बघा, तेच ना?"

"मग दोनच फलटणी की! उगीच तीन म्हणून घाबरवतेस."

दोन फलटणींची त्यांनी कवायत मांडली. चालताना डाव्या पायाला आब्ले, उजव्याला आब्लास्ते. नळाखाली घागर भरेपर्यंत एका क्रियापदाची पूर्ण रांग. एकदा ते तुंगाला म्हणाले, "हे आब्लामोस आज बोललं तरी आब्लामोस आणि काल बोललं तरी आब्लामोस. असं का?"

"आहे तसं. आम्ही बोलतो आणि आम्ही बोललो, शब्द एकच."

"बरोबर आहे. आमच्या घराण्याचं पण तसंच आहे. काल केलं त्यावरच आज चाललंय."

बरीच क्रियापदं मात्र या कवायतीत बसत नव्हती. गेला, म्हणाला, केलं, होता, सगळी आपापल्या तालावर चालणारी. तुंगा म्हणाली, ही पाठच करावी लागतात. भुजंगरावांनी हात झाडले. "बेशिस्त शिपाई मला नकोत. रांगेत चालणारे दे."

"पण 'होतो' शिकला नाहीत तर 'मी वेडा नव्हतो' कसं सांगणार?"

"ते मला सांगायचंच नाही. मी कोण ते मी का सांगू? त्यानं काय केलं ते सांगणार."

खोटं बोलणं हे क्रियापदही मधेच आडवं जाणारं निघालं. ते सोडलं आणि फसवणं घेतलं, एंगान्यार. ते सरळ होतं. एंगान्ये, एंगान्यास्ते, एंगान्यो. हा शब्द भुजंगराव असा घोळून म्हणत की तुंगाची आई आतून विचारी, "काय गं, रायरांच्या दाताला काही झालंय का?"

इकडं गल्लीत वेगळीच कुजबुज सुरू झाली. भुजंगराव भाजी घ्यायला जाताना पुटपुटतात, नळावर पुटपुटतात, एकटेच पाय आपटत चालतात. कुणीतरी सुमित्राबाईंना हळूच म्हणालं, एकदा दाखवून आणा. त्या घरी येऊन रडायलाच बसल्या. तेव्हा त्यांनाही सांगावं लागलं.

ऐकलं तशा त्या रडायच्या थांबल्या. पदरानं नाक पुसलं. "हुणसूरचा खड्डा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं खाऊन? या आयुधपूजेला येऊ दे त्याला. चित्रान्नात काय घालते बघा."

"काही घालायचं नाही. पोटभर वाढायचं. त्याला आणि त्याच्या पाहुण्यांना."

"कुठले पाहुणे?"

"आणणार आहे तो."

आणि त्यांनी तसं घडवून आणलं. एवढे महिने भुजंगरावांनी एक दिवसही सलाम चुकवला नव्हता. स्पॅनिश घोळका आला की तसेच ताठ उभे राहायचे, तसाच सलाम परत करायचे. आता त्यांना मधला मधला शब्द कळायला लागला होता. लोको, लोको, वेडा, वेडा, सत्यनारायण म्हणायचा, आणि घोळका हसू दाबायचा. प्रत्येक सलामाला ते मनात एक क्रियापद म्हणायचे. सालुदो, त्यानं सलाम केला. सालुदारोन, त्यांनी केला. गौरी-गणपती झाल्यावर ते सत्यनारायणला म्हणाले, "यंदा आयुधपूजेला तुझ्या पाहुण्यांना पण घेऊन ये की घरी. खरी तलवार, खरी पूजा. ओबट्टू खाऊन जातील."

सत्यनारायणचे डोळे चमकले. सेनापतीचं घर! असं दाखवायला कुणाला मिळतं? "रायरे, तुम्ही फार मोठ्या मनाचे," तो म्हणाला.

*

दुपारपर्यंत भुरभुर थांबली. सुमित्राबाईंनी देवघरापुढच्या खोलीत चटया अंथरल्या. तलवार चौरंगावर, मूठ भुजंगरावांच्या अंगाला, पात्यावर हळदकुंकवाचे टिळे, शेवंतीची माळ. बाकीचे गाइड सकाळीच येऊन आपापले बिल्ले ठेवून प्रसाद घेऊन गेले होते. एकदा ठेवलेला बिल्ला दुसऱ्या दिवशी विजयादशमीच्या सकाळीच उचलायचा असा रिवाज होता.

सत्यनारायण आला तो मागं दहा-बारा माणसं घेऊन. सगळ्यांनी दाराशी जोडे काढले. पुढं एक जाडजूड म्हातारी होती, पांढरे केस आखूड कापलेले, गुडघे दुखत असावेत. सुमित्राबाईंनी लगेच तिला भिंतीला टेकून बसवलं. सत्यनारायणनं आपला बिल्ला तलवारीपुढं ठेवला, डोळे मिटून हात जोडले, पात्याला बोट लावून कपाळाला लावलं. मग वळून पाहुण्यांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. एक तरुण उठला, भुजंगरावांसमोर टाचा जुळवल्या आणि सलाम केला. बाकीच्यांनी ओठ चावले.

भुजंगरावांनी सलाम परत केला.

"आधी जेवण," ते म्हणाले.

सुमित्राबाईंनी वाढलं. लिंबू पिळलेलं पिवळं चित्रान्न, कोशिंबीर, ओबट्टू म्हणजे पुरणपोळी, तिच्यावर तूप. सत्यनारायणच्या पानात त्या तीनदा आल्या. "घे रे. लाजतोस काय? तुझंच घर."

"साकु अम्मा, साकु!" पानावर हात आडवा धरून तो म्हणाला.

"साकु काय? पुढं कधी खाशील?"

पानं उचलली गेली तसे भुजंगराव तलवारीशेजारी उभे राहिले. हात मागं बांधले. घसा खाकरला. आणि स्पॅनिशमध्ये बोलायला लागले.

हा माणूस हुणसूरहून पोचला. येगो. माझ्या बायकोनं रांधलं. कोसिनो. तो जेवला. मी शिकवलं, तो शिकला. मग तो बोलला. तुम्ही ऐकलंत, एस्कुचारोन. तुम्ही सलाम केलात. आणि त्यानं तुम्हाला फसवलं, मला फसवलं. एंगान्यो.

वाक्यं आखूड, एकेक पाय टाकल्यासारखी. ती संपली. मग त्या तरुणानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यानं वाजवल्या. सेनापती स्पॅनिश बोलतो! दोघांनी भ्रमणध्वनी काढून पुन्हा बोला अशी खूण केली. एक जण तर परत सलाम करायला उठला.

सत्यनारायणचा चेहरा राखेसारखा झाला होता. टाळ्या ऐकल्या तसा त्यात रंग परत आला. तो हसला, कपाळाशी बोट फिरवलं आणि भरभर काहीतरी बोलला. त्यात लोको होतंच.

हे असं होणार, भुजंगरावांना ठाऊक होतं. वेड्यानं मी वेडा नाही म्हटलं की लोकांना आणखी मजा वाटते. सलामांच्या एवढ्या महिन्यांत ते त्यांना नीट कळलं होतं. म्हणून तर त्यांनी राजवाड्याचं अंगण सोडून हे घर आणि हा दिवस निवडला होता. ते कन्नडमध्ये म्हणाले, अगदी सावकाश, "सत्यनारायणा, ये इकडं. तलवारीवर हात ठेव आणि म्हण, हा माणूस वेडा आहे. एवढं म्हण. मी सगळ्यांसमोर गप्प बसतो आणि उद्यापासून अंगणात उभा पण राहत नाही."

सत्यनारायणचं हसू गालावर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं.

"रायरे, पाहुण्यांसमोर हे काय..."

"पाहुण्यांसमोरच. ये."

म्हातारीनं सत्यनारायणला काहीतरी विचारलं. बहुतेक, काय म्हणतोय हा?

"सांग त्यांना," भुजंगराव म्हणाले. "तुझं कामच आहे ते."

सत्यनारायण अडखळत काहीतरी बोलला. खरं सांगितलं की बनवून, देव जाणे. पण म्हातारीनं तलवारीकडं बघितलं, त्याच्या हाताकडं बघितलं, आणि स्वतःचा तळवा पालथा करून हवेत ठेवून दाखवला. मग ठेव की, असं. हात ठेवून शपथ घेणं कुठल्या देशात ठाऊक नसतं?

सत्यनारायण एक पाऊल पुढं आला. हात उचलला. पात्यावरच्या कुंकवाशेजारी त्याचा बिल्ला होता, आणि त्याचा तो पाय, जो एकदा मोडला होता, आपोआप मागं सरकला. सगळी खोली त्या हाताकडं बघत होती. बोटं पात्यापासून वीतभर लांब थांबली. कपाळावर घाम आला. मग त्यानं हात मागं घेतला आणि शर्टाला पुसला, जणू ओला झाला होता.

स्वयंपाकघराच्या दारातून सुमित्राबाई म्हणाल्या, "का रे? भाजलं का?"

भ्रमणध्वनी धरलेल्या दोघांनी ते खिशात घातले. म्हातारी भिंतीचा आधार घेत उठली. सत्यनारायणसमोर जाऊन ती तीनच शब्द बोलली. पहिला आणि तिसरा भुजंगरावांना कळला नाही, मधला कळला. तो त्यांच्या कवायतीतला होता. कोमिस्ते. तू जेवलास.

ती सुमित्राबाईंकडं वळली, हात जोडले, आणि मग भुजंगरावांसमोर येऊन तिनं हात पुढं केला. सलाम केला नाही. भुजंगरावांनी हात हातात घेतला. बाकीचे एकेक करून तसेच आले. तो तरुण शेवटी आला, मान खाली घालून, आणि त्याचा हात भुजंगरावांनी जरा जास्तच दाबला. पोरगं कळवळलं.

मग ते सगळे गल्लीतून चालत गेले. सत्यनारायण त्यांच्या मागं काही पावलं गेला, मग थांबला.

*

विजयादशमीला दुपारी हत्तींची मिरवणूक, शहरात मुंगीला वाट नाही, गाइडला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. बिल्ल्याशिवाय सत्यनारायणला अंगणात कुणी उभं करणार नव्हतं. बाकीचे गाइड उजाडताच बिल्ले घेऊन गेले. सत्यनारायण शेवटी आला. स्कूटर गल्लीच्या टोकाला लावून, खालमानेनं.

भुजंगराव ओट्यावर बसले होते, बिल्ला मुठीत. समोरच्या ओट्यावर दोन बायका शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या; सोलता सोलता थांबल्या.

"रायरे, बिल्ला."

"देतो. आधी म्हण."

"काय?"

"पोचलो, जेवलो, शिकलो, बोललो, फसवलं. तुझ्या त्या भाषेत. मला येतं, चूक काढीन."

सत्यनारायणनं इकडंतिकडं बघितलं. "रायरे, लोक बघतायत. मी पाया पडतो. होगलि बिडि, जाऊ द्या."

"पाया पडायचं तेव्हा पडला नाहीस. म्हण."

सत्यनारायण पुटपुटला, "येगो... कोमियो..."

"तो कोण? हुणसूरहून दुसरा कुणी आला होता? मी म्हण."

"येगे," सत्यनारायण म्हणाला. "कोमी. आप्रेन्दी. आब्ले."

"पुढं."

"एंगान्ये."

"मोठ्यानं. मेक्सिकोपर्यंत जायला पाहिजे."

"एंगान्ये!"

आतून सुमित्राबाई ओरडल्या, "मला काय कळलं त्यातलं? कन्नडमध्ये पण म्हण म्हणावं त्याला!"

भुजंगरावांनी भुवया उडवल्या. सत्यनारायणच्या मानेची शीर उडत होती. समोरच्या दोघी बायका बघत होत्या, नळावर घागर भरणारा एक माणूसही बघत होता. ही सगळी गल्ली त्याला ओळखत होती, खड्डा म्हणून चिडवत होती, इथंच तो लग्न झाल्यावर बायकोला घेऊन पेढे वाटायला आला होता.

"नानु मोस माडिदे," तो म्हणाला. मी फसवलं.

"कुणाला?"

"तुम्हाला. रायरांना."

समोरच्या ओट्यावरची एक बाई दुसरीला म्हणाली, "म्हणजे रायर ठीकच आहेत म्हणायचे." दुसरी म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं." तिनं तसं काही म्हटलं नव्हतं, एकदा दाखवून आणा म्हणणारी तीच.

भुजंगरावांनी मूठ उघडली. सत्यनारायणनं बिल्ला घेतला, खिशाला लावायला गेला, टाचणी बोटात टोचली, तसाच मुठीत धरून निघाला. स्कूटरला तीन लाथा मारल्या तेव्हा ती सुरू झाली. भुजंगराव बघत होते. त्यांना बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं, आणि त्याची त्यांना अजिबात लाज वाटत नव्हती. एवढंच की आता उद्यापासून सकाळी उठल्यावर काय पुटपुटायचं, ते सुचत नव्हतं.

"झालं ना?" सुमित्राबाई दारात आल्या. "मग तिथं मिशी कुरवाळत बसू नका. काल त्या शेजारच्या रिक्षावाल्यानं रिक्षा पुजून आपल्या दारासमोरच कोहळा फोडलाय. सगळा लगदा पसरलाय, कुंकवात. कुणाची गाडी घसरली तर आपल्याच दारात पडायचा."

"त्यालाच सांग की काढायला."

"तो पहाटेच गेला भाडं घेऊन. उठा."

भुजंगराव उठले. पेटा काढून खुंटीला लावला, धोतर खोचलं, मागल्या पडवीतून खराटा आणि फुटकी बादली आणली. कोहळ्याच्या फोडी रात्रीच्या पावसानं फुगल्या होत्या आणि बिया डांबराला चिकटल्या होत्या. खराट्यानं निघेनात, तेव्हा ते खाली बसले आणि करवंटीच्या तुकड्यानं खरवडून काढायला लागले.